वेग वाढला की घर्षण बदलते का? स्वतः मोजून पाहा

एकदा घसरू लागलेल्या वस्तूवरचे घर्षण तिच्या वेगावर अवलंबून नसते, असे आपण शाळेत पाठ करतो. फ्रेंच अभियंता शार्ल कूलोम यांनी १७८५ साली आपल्या प्रयोगांवरून हा नियम मांडला. नियम उपयोगी आहे, पण तो ढोबळ आहे. कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे तानकाट्याने, म्हणजे बल मोजणाऱ्या स्प्रिंगच्या काट्याने, तासाभरात कळते.

बहुतेक जण ठोकळा तानकाट्याने ओढत नेतात आणि चालता चालता काटा वाचू पाहतात. ओढ जराही वाढली की ठोकळ्याला त्वरण मिळते आणि काटा घर्षणापेक्षा जास्त बल दाखवतो. म्हणून उलटे करा: ठोकळा जागेवर ठेवा आणि त्याच्या खालचा पृष्ठभाग सरकवा.

त्यासाठी टेबलावर दीड-दोन मीटर लांबीची जाड कागदाची पट्टी अंथरा. तिच्या एका टोकाजवळ सपाट बुडाचा लाकडी ठोकळा ठेवा आणि वर वजन ठेवून एकूण वस्तुमान १ किलो करा. ठोकळा दोऱ्याने तानकाट्याला बांधा, काट्याचे दुसरे टोक पक्क्या खिळ्याला अडकवा. दोरा टेबलाला समांतरच हवा. तो वर तिरपा गेला तर ठोकळा किंचित उचलला जातो आणि घर्षण कमी भरते. तानकाटा आडवा वापरणार असल्याने शून्यही आडवा धरूनच तपासून घ्या.

आता पट्टी खिळ्याच्या विरुद्ध दिशेला ओढा. मीटरभर अंतर आधी २० सेकंदांत, मग १० सेकंदांत, मग २ सेकंदांत. म्हणजे वेग झाले सेकंदाला ५, १० आणि ५० सेंटिमीटर. तोंडाने आकडे मोजत ओढले की हात बऱ्यापैकी एकसारखा चालतो. काट्यावर मोबाइल रोखून व्हिडिओ घ्या आणि वाचन नंतर निवांत करा. सुरुवातीला काटा उसळी घेतो, ते स्थितिक घर्षण, म्हणजे घसरणे सुरू होण्याआधीचे; ते सोडून द्या. काटा स्थिर झाल्यावरचाच आकडा लिहा. प्रत्येक वेगाला निदान पाच फेऱ्या हव्यात, कारण एकाच वेगाच्या फेऱ्यांतही फरक पडतो. तो फरक किती हे माहीत नसेल, तर दोन वेगांमधला फरक खरा की हाताचा, हे कळायला मार्ग उरत नाही.

घर्षणांक, म्हणजे घर्षण भागिले वजन, काढणे सोपे आहे. १ किलोचे वजन ९.८ न्यूटन, काटा ३ न्यूटन दाखवत असेल, तर ३ भागिले ९.८, म्हणजे साधारण ०.३१.

कोरड्या लाकूड-कागदात तिन्ही वेगांचे आकडे बहुधा जवळपास सारखे येतील. कूलोमचा नियम इथे शोभतो. पट्टी अगदी सावकाश ओढली तर मात्र काटा थरथरतो: ठोकळा चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. दोन पृष्ठभाग खरे तर मोजक्या उंचवट्यांवरच टेकलेले असतात, आणि थांबायला वेळ मिळाला की ते सांधे घट्ट होतात. व्हायोलिनची तार गजाखाली वाजते ती याच चिकट-सुट खेळामुळे.

मग ठोकळ्याच्या बुडाला रबर चिकटवून सगळ्या फेऱ्या पुन्हा घ्या. सावकाश वेगांच्या पल्ल्यात रबराचे घर्षण वेगाबरोबर वाढताना दिसते. कागदाऐवजी तेल लावलेली प्लॅस्टिकची पट्टी घेतली तर गोष्ट आणखी निराळी. मंद वेगात उंचवटे एकमेकांना घासतात. वेग वाढला की मध्ये तेलाचा थर शिरतो आणि घर्षण उतरते. थर पुरता तयार झाला की तेलाच्या चिकटपणामुळे ते पुन्हा चढू लागते. हा उतार-चढाव जर्मन अभियंता रिचर्ड स्ट्रीबेक यांनी १९०२ च्या सुमारास बेअरिंगवर मोजून दाखवला, म्हणून त्या आलेखाला त्यांचे नाव आहे. टेबलावर संपूर्ण वक्र मिळेलच असे नाही. त्याचा एक तुकडा मिळाला तरी तो जपून ठेवा.

मोठ्या वेगांना हा प्रयोग पोहोचत नाही. तिथे उष्णता कारभार हाती घेते. १८७८ मध्ये ब्रिटिश अभियंता डग्लस गॅल्टन यांनी धावत्या रेल्वेगाडीवर ब्रेकच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा लोखंडी ठोकळे आणि चाक यांच्यातला घर्षणांक वेग वाढेल तसा घटत गेला. ताशी सुमारे ९६ किलोमीटरला तो गाडी थांबण्याच्या बेतात असतानाच्या घर्षणांकाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी भरला. अशा ब्रेकचा दाब शेवटपर्यंत तेवढाच ठेवला, तर वेग उतरताना पकड वाढत जाते आणि गाडी थांबताना हिसका बसतो.