शेरूचा कुकर चढवण्याआधी

गॅस पेटवायच्या आधी ताजा रिपोर्ट हातात हवा. आमच्या शेरूसारख्या किडनी बिघडलेल्या कुत्र्याचं नुसतं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) पाहून भागत नाही. फॉस्फरस, पोटॅशियम, लघवीतून जाणारं प्रोटीन आणि बीपीही लागतं. तो कागद नागपुरात सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात न्या नाहीतर नेहमीच्या डॉक्टरकडे, पण घरच्या जेवणाचं प्रमाण ग्रॅममध्येच लिहून मागा. ‘थोडा भात, थोडं चिकन’ असं लिहून आणलं की घरातला प्रत्येक जण आपापलं थोडं वाढतो. आमच्या आईचं थोडं म्हणजे दोन वाट्या.

म्हणून वजनकाटा घ्या, साधा चालतो. भात पांढऱ्या तांदळाचाच. ब्राऊन राइस आपल्याला चांगला, पण त्यात फॉस्फरस जास्त, आणि तो बिघडलेल्या किडनीला नीट बाहेर टाकता येत नाही. चिकनचे बारीक तुकडे भरपूर पाण्यात उकळायचे आणि ते पाणी ओतून द्यायचं, कारण बराचसा फॉस्फरस त्यातच उतरतो. जीवावर येतं, कबूल. तेच तर चवीचं पाणी. हाडं, कलेजी, पनीर बंद. अंड्याचं पांढरं मात्र हुकमी: एका अंड्यातल्या पांढऱ्यात फॉस्फरस जेमतेम 5 मिलिग्रॅम, पिवळ्यात 65 च्या आसपास. भाजीत दुधी बरा, कोहळं पोटॅशियमचा आकडा पाहून. मीठ नाही, फोडणी नाही.

एवढ्यानं ताट पूर्ण होत नाही. कॅल्शियम, व्हिटॅमिन, फिश ऑइल डॉक्टर सांगतील तेवढंच. फॉस्फरस बांधणारी पावडर दिली असेल तर ती जेवणातच कालवायची. जेवण झाल्यावर चाटवली तर उपयोग नाही. नवं जेवण जुन्यात मिसळत आठ-दहा दिवसांत पूर्ण आणा.

घरच्यांची तयारी वेगळीच. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका त्याच्या तोंडाजवळ नकोत. आमच्या शेजारच्या काकू मायेनं तर्री-पोहे घालायच्या आणि पातेल्यात उरलेला सावजी रस्साही. त्यांना एकदा रिपोर्टच नेऊन दाखवला. “अरे बापा, मले काय माहीत,” म्हणाल्या. तेव्हापासून विचारल्याशिवाय काही देत नाहीत.

पाण्याबाबत मी स्वतः चुकलो. शेरू रात्री घरात लघवी करतो म्हणून दहानंतर भांडं उचलून ठेवायचो. ही किडनी लघवी घट्ट करूच शकत नाही, म्हणून तो जास्त प्यायचा. मी नेमकं तेच अडवत होतो. आता तीन भांडी: कूलरजवळ, दाराशी, अंगणात सावलीला. मे महिन्यात पारा 45 ला टेकला की दुपारी दोनदा बदलतो. शिजवलेलं कालवणही बाहेर ठेवायचं नाही. गार झालं की एकेका जेवणाचे डबे भरून फ्रीजमध्ये, तीन दिवसांच्या वरचं फ्रीझरला.

दर रविवारी वजन. त्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजा करायचं. उतरत असेल, किंवा सलग दोन वेळा ताट सोडलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, फोन करा. आणि हो, उरलेल्या पिवळ्याची सोय आधीच ठरवा. आमच्याकडे महिनाभर रोज भुर्जी आहे.