नीलगाय, काळवीट आणि चितळ एकाच आवारात ठेवायचे असतील तर

नकाशाला बसलात की कुंपणाची रेघ आधी मारू नका. आधी पळवाट काढा. नीलगायीचा नर अंगावर आला तर काळविटाची मादी कुठून निसटणार? खुरांच्या जनावरांमागे माझी एकतीस वर्षं गेली, पण पहिलं आवार आखताना हा प्रश्न मला सुचला नव्हता. चार सरळ बाजू, चार काटकोन. जनावरं धरायच्या दिवशी चितळाची एक मादी कोपऱ्यात शिरली, जाळीवर दोनदा आदळली आणि थरथरत उभी राहिली. अंगावर ओरखडा नव्हता. संध्याकाळी मागचे पाय ओढू लागली, लघवी काळ्या चहासारखी झाली. तिसऱ्या दिवशी गेली. धावपळीने आणि भीतीने स्नायूच मरतात. डॉक्टर याला कॅप्चर मायोपथी म्हणतात. नकाशा माझाच होता, त्यामुळे बोल लावायला दुसरं कुणी नव्हतं.

तेव्हापासून आवाराला मी कोपरा ठेवत नाही, वळण देतो. जाळी आठ फूट उंच. खालच्या कडेकडे मात्र जास्त लक्ष द्या, कारण नीलगाय उडी मारण्यापेक्षा खालून घुसणं पसंत करते. टेक्सासमध्ये नेऊन सोडलेल्या नीलगायी तिथल्या रँचची कुंपणं अशीच खालून पार करतात. म्हणून जाळी जमिनीत पुरायची किंवा खाली काँक्रीटचा पट्टा घ्यायचा. नवीन जनावर येणार असेल तर पहिले काही आठवडे जाळीवर तरट टांगा. जाळी त्याला दिसत नाही, तरट दिसतं.

आता पळवाट. आवारात मातीचे उंचवटे, झुडपं, ओंडके असू द्या, पण प्रत्येक आडोसा दोन्ही बाजूंनी मोकळा हवा. एका बाजूने बंद आडोसा म्हणजे सापळाच. एका कडेला गोल बल्ल्यांची रांग रोवून छोट्यांसाठी वेगळी जागा करा. दोन बल्ल्यांत मी साधारण फूटभर अंतर ठेवतो: काळविटाची मादी आणि पाडसं सहज आत जातात, दोन-अडीचशे किलोचा नीलगायीचा नर बाहेर राहतो. डोकं आत जाईल आणि शिंगं अडकतील असं अधलंमधलं अंतर सगळ्यात वाईट. गव्हाणीच्या गजांनाही हाच नियम.

गव्हाणी नरांपेक्षा एकीने जास्त, एकमेकींपासून वीस-पंचवीस पावलांवर. जागा ठरवण्याआधी महिनाभर काळविटाचा नर बघा. नाक वर, शिंगं पाठीकडे टेकलेली, डोळ्याखालची ग्रंथी उघडलेली, अशा ऐटीत तो फिरतो आणि ठरावीक जागी लेंड्यांचा ढीग करतो. त्या ढिगाजवळ गव्हाण ठेवलीत तर चितळ उपाशी राहतील. गव्हाणीसमोर खरखरीत मुरूम टाका. मऊ मातीत खूर झिजत नाहीत, वाढत जाऊन वाकडे होतात.

शेजारी मेंढ्या नकोतच. त्या स्वतः ठणठणीत राहून हरणांचा जीव घेणारा विषाणू बाळगतात. लाळ्या-खुरकुताची भीती आहे ती वेगळीच.

जनावरं धरायची जागा, म्हणजे होल्डिंग, पैसे उरले तर बांधू असं म्हणणारे बरेच भेटतात. ती पहिल्या दिवसापासून हवी, आणि जनावरांनी तिथे रोज जेवायला हवं. लसूणघास आणि पेंड आतच द्या, दोन्ही बाजूंचे दरवाजे उघडे ठेवा. मग इंजेक्शनच्या दिवशी कुणाला हाकावं लागत नाही. अमेरिकेत डेनवरच्या प्राणिसंग्रहालयात नव्वदच्या दशकात बोंगो कुरंगांना खाऊच्या लालचीने पेटीत उभं राहून रक्त देण्याची सवय लावली होती, तीही बेशुद्ध न करता. आपल्याकडे पहिला पर्याय अजून डार्टच, म्हणजे लांबून मारलेली बेशुद्धीची सुईच असतो.

होल्डिंगच्या भिंती भरीव हव्यात, आरपार काही दिसता कामा नये. वाट वळणाची असावी आणि पुढचं टोक मागच्यापेक्षा उजेडात. अंधाराकडे जनावर पाय टाकत नाही. प्रत्येक जातीला वेगळा कप्पा. चितळाच्या नराची शिंगं मखमलीत, म्हणजे वाढत्या शिंगांवरच्या मऊ कातडीत असताना त्याला अजिबात हात लावू नका, त्यात रक्त खेळत असतं. शिंगं टणक झाली की त्याला माद्यांसोबत अरुंद वाटेत घालू नका.

धरण्याचं काम पहाटेच उरका. दोनदा प्रयत्न करून जनावर आत गेलं नाही, तर त्या दिवशी काम बंद. साहेब बाहेर ताटकळत असले तरी बंद.

आणि दरवाजा बाजूला सरकणाराच घ्या. कडी आपटल्याच्या आवाजाने शांत बसलेलं काळवीट सात-आठ फूट उडतं, म्हणून मी सगळ्या कड्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळायचो. दर पावसाळ्यानंतर ते बदलावे लागायचे.