कपाटाला बांधलेली नाडी

इंटिरियर डिझायनर म्हणून माझं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे एक पांढरं स्वयंपाकघर. पांढरं म्हणजे नखशिखांत पांढरं. ग्लॉसी लॅमिनेट (प्लायवर चिकटवतात तो चकचकीत थर), एकही हँडल नाही, दाबलं की उघडणारी शटरं, म्हणजे कपाटांची दारं. फोटो काढून झाल्यावर मी दोन दिवस हवेत होते. तीन वर्षांनी एक बिजागरी निसटली म्हणून त्या घरी जाणं झालं. बघते तर सगळ्यात जास्त वापरातल्या शटरला वरच्या कोपऱ्यात भोक पाडून जाड नाडी ओवलेली, टोकाला गाठ मारलेली. शेजारच्या शटरवर बोटांचे डाग एकाच जागी, आणि पुसून पुसून तिथली चकाकी गेलेली. घरातल्या आजी म्हणाल्या, "अगं, दाबायला जोर लागतो. हातात भांडं असलं की कोपरानं ढकलायचं का? नाडी बरी आपली."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. माझ्या डिझाइनला नाडी! पण घरी आल्यावर वहीत ती नाडी काढली, जमिनीपासूनच्या उंचीसकट. आज माझ्या कामात हँडल ठसठशीत असतात, चार बोटं आत जातील असे. ही आवड कुठल्या मासिकातून आलेली नाही, त्या नाडीतून आली आहे.

इंटिरियर शिकायला लागलेली मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: इन्स्पिरेशन कुठून घेता? त्यांना वेबसाइटची यादी हवी असते. मी शिकत होते तेव्हा माझ्याकडेही तशी यादी होती आणि संगणकात हजारो फोटो होते. एकदा ते सगळे एका बैठकीत पाहिले तर एकच खोली पुन्हा पुन्हा पाहतेय असं वाटलं. राखाडी सोफा, एक झाड, कोपऱ्यात उंच दिवा.

फोटो वाईट नसतो, पण तो काय लपवतो हे माहीत हवं. वाइड लेन्समुळे दहा फुटांची खोली पंधराची दिसते. वायरी, कचऱ्याचा डबा, चपला उचलून ठेवलेल्या असतात. भर दुपारीही सगळे दिवे लावलेले असतात. मोठमोठ्यांनाही याचा फटका बसलाय. 1929 साली बार्सेलोनातल्या प्रदर्शनासाठी वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोहे आणि डिझायनर लिली राइख यांनी जर्मनीचा पॅव्हिलियन, म्हणजे प्रदर्शनातलं दालन, उभारला. 1930 मध्ये तो उतरवला गेला, आणि त्याच जागी पुन्हा उभा राहिला तो थेट 1986 मध्ये. मधली पन्नासहून जास्त वर्षं जगभरच्या लोकांनी तो काळ्यापांढऱ्या फोटोंवरून अभ्यासला. प्रत्यक्षात तिथे सोनेरी झाक असलेल्या ऑनिक्स दगडाची भिंत आहे, हिरवा संगमरवर आहे, लाल पडदा आहे. ज्याला आपण कोरडा, वैराग्याचा आधुनिकपणा समजत होतो तो चांगलाच रंगेल होता!

म्हणून फोटो साठवायचाच असेल तर त्याखाली एक ओळ लिहा: मला यातलं नेमकं काय आवडलं? 'मस्त वाटतं' चालणार नाही. 'खिडकीची चौकट भिंतीत दडवली आहे', 'टेबल आणि दिवा यांच्यात फक्त दोन फूट अंतर आहे', असं काहीतरी. ओळ सुचली नाही तर फोटो पुसा. माझ्या साठ्यातले दहातले नऊ असेच गेले.

दुसरा मोठा बदल सुतारकामाच्या शेडमध्ये झाला. कॉलेजात मला बारीक, लांबलचक, तरंगत्या फळ्यांचं वेड होतं. पुस्तकांच्या कपाटाचं ड्रॉइंग घेऊन गेले तर मिस्त्रींनी ते पाहिलं, पेन्सिल कानावर अडकवली आणि म्हणाले, "मॅडम, अठरा एमएमचा प्लाय आहे. तीन फुटांच्या पुढं ही फळी पोट काढणार." मी साडेचार फूट दाखवले होते. त्यांनी शेडमधलीच एक फळी दोन टोकांवर टेकवली, मधोमध भरलेली हत्यारांची पेटी ठेवली आणि वर ताणून दोरी धरली. दोरी आणि फळी यांच्यात माझं बोट सहज गेलं. मग त्यांनी फळीच्या पुढच्या कडेखाली दोन इंचांची उभी पट्टी धरून दाखवली. झोळ जवळजवळ गायब.

फोटोतल्या त्या तरंगत्या फळ्यांच्या पोटात लोखंड होतं, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून वस्तू 'कशी दिसते' याच्या आधी 'कशी झाली' हे पाहायची खोड लागली. आणि तसं पाहायला लागल्यावर आधी कंटाळवाण्या वाटणाऱ्या वस्तू आवडायला लागल्या. थोनेट या फर्निचर कंपनीची 1859 सालची चौदा नंबरची खुर्ची घ्या. कॅफेमधली नेहमीची म्हणून मी तिच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, बस्स. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. तिची ती डौलदार वळणं कुणी शोभेसाठी काढलेली नाहीत. लाकूड तोडून सांधण्यापेक्षा वाकवणं सोपं पडलं, म्हणून ती आली. आता मी मूडबोर्डवर (कामाचा सूर ठरवायला नमुने लावतात तो फलक) चित्रांपेक्षा तुकडे जास्त लावते: कडेच्या पट्टीसकट कापलेला प्लाय, पॉलिशचे तीन हात दिलेलं व्हेनिअर (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा), खरं हँडल.

रंग आणि उजेड यांच्यात मात्र मी सगळ्यात जास्त मार खाल्ला. एका बैठकीच्या खोलीसाठी शेड कार्डवरून करडा रंग निवडला. दुकानात छान, दिवसा साइटवरही छान. संध्याकाळी दिवे लागले आणि भिंती जांभळट झाल्या. क्लायंट काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे पाहत राहिले. तो शांतपणा ओरडण्यापेक्षा वाईट. त्या खोलीच्या तिन्ही भिंती मी पदरमोड करून पुन्हा रंगवल्या.

कारण साधं आहे. दिव्याच्या उजेडात जो रंगच नाही, तो भिंत परत पाठवू शकत नाही. एका उजेडात हुबेहूब जुळणारे दोन नमुने दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात, याला मेटामेरिझम म्हणतात. त्यामुळे दिवा घेताना फक्त वॅट पाहू नका. खोक्यावरचा केल्विनचा आकडा पाहा: 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, 4000 म्हणजे पांढऱ्याकडे झुकलेला. त्याच्या जोडीला सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, पाहा, घरासाठी मी 90 च्या खाली जात नाही. आणि रंग कार्डवरून कधीच पक्का करू नका. दोन फुटी फळीवर दोन हात मारा, ती उभी धरून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर खोलीभर फिरवा. आडवी ठेवलीत तर उजेड वेगळा पडतो, पुन्हा फसाल.

या फजितीनंतर मी उजेडासाठी घरं पाहायला लागले. लंडनमधलं वास्तुविशारद सर जॉन सोन यांचं घर, आता ते संग्रहालय आहे, तिथे छतातून येणारा उजेड पिवळ्या काचेतून गाळून आत सोडलाय आणि न्याहारीच्या खोलीत छोटे फुगीर आरसे बसवलेत. सोन 1837 मध्ये गेले, म्हणजे हे सगळं विजेच्या दिव्यांच्या कितीतरी आधीचं. हे समजल्यावर मी कोव्ह लाइटचा, म्हणजे फॉल्स सीलिंगच्या कडेत दडवलेल्या दिव्यांचा, सोस निम्मा केला. (निम्माच. क्लायंटला फॉल्स सीलिंग हवं असतं ते हवंच असतं.)

सजावटीबद्दलचं माझं मत तर पूर्ण उलटं फिरलं. 1981 मध्ये मिलानमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आलेलं, डिझायनर एत्तोरे सोत्सास यांच्याभोवती जमलेल्या मेम्फिस गटाचं फर्निचर कॉलेजात दाखवलं तेव्हा आम्ही हसलो होतो. ते आम्हाला वाढदिवसाच्या टोप्यांसारखं वाटलं. अजूनही ते मी घरात ठेवणार नाही. पण त्यांनी लॅमिनेटला लाकडाचं सोंग घ्यायला लावलं नाही, ते ठिपक्यांचं, रेघांचं, उघडउघड लॅमिनेट ठेवलं, हे आता पटतं.

प्रेरणेसाठी घरांच्या बाहेर पाहा, हे मात्र मी आग्रहाने सांगते. 1926 मध्ये वास्तुविशारद मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की यांनी फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं, साधारण 1.9 मीटर बाय 3.4 मीटर. तशी सुमारे दहा हजार बसवली गेली. त्यांनी धडा घेतला होता रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या चिंचोळ्या स्वयंपाकघरावरून. मी स्वतः बोटीच्या केबिनकडून ड्रॉवर आपोआप सरकू नये म्हणून काय करतात ते शिकले, आणि दवाखान्यांच्या वेटिंग रूममधून हे की लोक आधी भिंतीला पाठ लागेल अशा खुर्च्या भरतात. बॅगेत टेप ठेवा. खुर्ची आरामशीर वाटली की उठून मोजा: बैठकीची उंची, खोली, पाठीचा कल. लोक विचित्र नजरेने पाहतात, पाहू देत.

आणि स्वतःच्या जुन्या कामांकडे परत जा. वर्षाने, तीन वर्षांनी, बिजागरीचं निमित्त काढून. कॅमेरा न घेता.

मागच्या महिन्यात अशाच एका घरी गेले होते. तिथली खिडकीतली बैठक म्हणजे माझ्या पोर्टफोलिओचं पहिलं पान. तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता. ढीग बाजूला करून बसले. पाय अधांतरी, मांडीखाली कड रुतते, आणि जरा मागे रेललं की काच. टेप लावला तर उंची बावीस इंच, खोली चौदा. खिडकीच्या खालच्या कडेशी रेषा जुळावी म्हणून मीच ती उंची धरली होती. कपडे पुन्हा जागेवर ठेवले आणि बिजागरी घट्ट करून निघाले. सध्या टेबलावर असलेल्या ड्रॉइंगमध्ये बैठक सतरा इंच उंच आणि वीस इंच खोल आहे. खिडकीच्या कडेशी रेषा जुळत नाही, ते अजून डोळ्यांना खुपतं.