लाल मिरचीचं वाळवण भाद्रपदातच ठरतं

वर्षाच्या तिखटासाठी परसात किंवा गच्चीवर मिरची लावायची असेल, तर आधी वाळवणाचे दिवस धरा आणि तिथून मागे मोजत या. मिरची नीट वाळायला लागतं ते कडक ऊन आणि कोरडी हवा. राज्याच्या बऱ्याच भागात असे दिवस फेब्रुवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मिळतात. पुढे अवकाळीचा धाक असतो. रोप लावणीला यायला 35 ते 45 दिवस, लावणीनंतर हिरवी मिरची यायला दोन-अडीच महिने आणि ती झाडावर पिकून लाल व्हायला आणखी तीनेक आठवडे. म्हणजे बी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडलंच पाहिजे. नोव्हेंबरात बी टाकलं तर झाडं फुलोऱ्यात येईपर्यंत उन्हाळा गाठतो, पारा 35 अंशांच्या वर गेला की फुलं गळतात.

वाळवायला पातळ सालीचंच वाण घ्या. रंगासाठी ब्याडगी किंवा संकेश्वरी, झणक्यासाठी लवंगी आणि हिरवी-लाल दोन्ही हवी असेल तर ज्वाला. भज्यांची जाड सालीची मिरची वाळायला वेळ लावते आणि तोवर आतून बुरशी धरते. किराणा दुकानातल्या सुक्या मिरचीचं बी टाकू नका. ते संकरित पिकातलं असेल तर झाडं एकसारखी येत नाहीत.

बी अर्धा सेंटिमीटर खोल, दोन बोटांच्या अंतरावर पेरा आणि झारीने पाणी द्या. आठ-दहा दिवसांत उगवण होते. पेरणी दाट झाली किंवा माती सतत चिंब राहिली की रोपं बुडाशी सडून आडवी पडतात; म्हणून मातीत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलेलं शेणखत घाला आणि वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नका. रोपांवर बारीक जाळी पहिल्या दिवसापासून हवी. पानं आकसवणारा विषाणू पांढरी माशी आणते आणि तो रोपात शिरला की त्यावर औषध नाही.

पाच-सहा पानांचं रोप संध्याकाळी लावा. जमिनीत दोन झाडांत दीड फूट अंतर ठेवा. कुंडी किमान 12 इंची, तळाला भोकं असलेली घ्या. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट पुरे. युरिया हात सैल सोडून घालू नका, झाड नुसतं पानांनी माजतं. पाण्यात खंड पडून मग एकदम भरपूर पाणी मिळालं तर फुलं गळतात, फळाचं टोकही काळं पडतं.

झाड आकसलं की लगेच बाटली उचलू नका, आधी पान उलटून बघा. कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळल्या आणि देठ लांबले असतील तर कोळी ही बारीक कीड. पानं बारीक, गुच्छात आणि वाढ खुंटलेली असेल तर विषाणू. ते झाड उपटून टाका. फुलकिड्यांवर 5 टक्के निंबोळी अर्क फवारा: 50 ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून एक लिटर करा आणि थोडा साबण घाला. कोळ्यांवर पाण्यात मिसळणारं गंधक लेबलवरच्या प्रमाणात, तेही उन्हं उतरल्यावर.

खरी कसोटी तोडणीपासून. दव सुकल्यावर, पूर्ण लाल झालेली आणि झाडावरच किंचित सुरकुतलेली मिरची देठासकट तोडा. देठ निघाला की तिथून ओल आणि बुरशी आत जाते. गोल, खोलगट काळे डाग असलेली फळं वेगळी काढा, ती फळसडीची आहेत. उरलेली एक-दोन दिवस सावलीत पसरून ठेवा, रंग एकसारखा चढतो.

मग बाजेवर किंवा जाळीवर, स्वच्छ कापड घालून एकच थर पसरा. दिवसातून दोन-तीनदा परता. संध्याकाळी गोळा करून झाकणं चुकवू नका. रात्रीचं दव बसलं आणि वाळणं लांबलं की मिरची पांढरट पडते, तिलाच फटकी म्हणतात. फटकी मिरची तिखटात घालू नका. हळू वाळलेल्या, बुरशीच्या मिरचीत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि ते भाजूनही पुरतं जात नाही.

साधारण 10 ते 15 दिवसांच्या उन्हानंतर मिरची हलवली की बिया खुळखुळतात, पण तेवढ्यावर विसंबू नका. देठाजवळची टोपी सर्वांत शेवटी वाळते. तिथे मोडून बघा: चिवट लागली तर आणखी दोन दिवस ऊन द्या, कट्कन तुटली तर झाली. चार किलो लाल मिरचीची साधारण एक किलो सुकी उतरते, त्यावरून झाडं किती लावायची ते ठरवा.

पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम भरली तर आत घाम धरते. देठ दळणाच्या दिवशीच काढा आणि तिखट एका वेळी दोन-तीन महिन्यांपुरतंच दळा, पूड झाली की रंग लवकर उतरतो. देठ काढताना हातांची आग झाली तर आधी तेल चोळा, मग साबण लावा. नुसत्या पाण्याने तिखटपणा निघत नाही.