व्ही-ट्विन बाइक एकाच सिलिंडरवर चालतेय? दोन थेंब पाणी टाका

लातूरहून अंबाजोगाईला जाताना क्रूझर बाइक ओढेना. इंजिन व्ही-ट्विन, म्हणजे इंग्रजी व्ही आकारात बसवलेले दोन सिलिंडर. एक सिलिंडर बंद. कोणता, हे आधी कळलं की निम्मं काम वाचतं.

१. गार इंजिन सुरू करा. मिनिटभराने दोन्ही सायलेन्सर पाइपांवर, इंजिनाजवळ, दोन-दोन थेंब पाणी टाका. चर्रकन उडालं तो सिलिंडर चालू, नुसतं ओघळलं तो बंद.

२. इंजिन गार होऊ द्या आणि दोन्ही स्पार्क प्लग आपसांत बदला, मग पुन्हा थेंब टाकून बघा. दोष प्लगबरोबर सरकला तर फक्त प्लग नवा घ्या. जागेवरच राहिला तर मिस्त्रीला प्लगला वीज पुरवणारी कॉइल नि वायर बघायला सांगा.

प्लग खोलण्याआधी भोवतीची धूळ हवेने उडवा. उन्हाळ्यात आपल्याकडे ती तिथे गच्च बसते नि थेट सिलिंडरमध्ये पडते. गरम इंजिनाचा प्लग मात्र खोलू नका, सिलिंडर हेडमधले, प्लग बसतो तिथले आटे जातात.