गंजछाप आणि वाकळ: कार्यशाळेच्या चित्रीकरणाआधीची तयारी

गंजाचे ठसे घेतलेल्या कापडाची वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला शिकवणाऱ्या व्हिडिओची ही तयारी. लोखंडाच्या गंजाचे ठसे कापडावर नीट उमटायला जवळपास एक दिवस लागतो, आणि व्हिडिओ असतो दीड तासाचा. त्यामुळे कॅमेऱ्याच्या आधी कापडे तयार हवीत. एकाच जुन्या सुती धोतराचे सहा तुकडे फाडा. एक कोरा ठेवा, दुसरा सोड्यात उकळलेला, तिसरा हिरड्यातून काढून वाळवलेला, चौथा लोखंडासकट गुंडाळलेला, पाचवा धुऊन सुकलेला. सहाव्याला हिरडा न लावता गंज द्या. त्याच्यावर ठसे भगवे-तपकिरी येतात आणि हिरड्याच्या कापडावर काळे-करडे. शिकणाऱ्याला हा फरक शेजारी ठेवूनच कळतो. कोपऱ्यात दोऱ्याच्या एक ते सहा गाठी मारा, पेनाचे आकडे धुण्यात टिकत नाहीत.

मापे कॅमेऱ्यासमोर काट्यावर दाखवायची, म्हणून पुड्या आधीच बांधा. 100 ग्रॅम कोरड्या कापडाला 5 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि तासभर उकळी. हिरड्याची पूड 20 ग्रॅम, 2 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेली. कापड त्यात तासभर बुडवून पिळा आणि न खळबळता सावलीत वाळवा. इथे पाणी फिल्टरचे घ्या. बोअरच्या पाण्यात किंवा गंजक्या टाकीत लोह असेल तर हिरडा त्याला लगेच धरतो, कापड ठसे येण्याआधीच मळकट करडे होते आणि दोष हिरड्यावर जातो. भांडे स्टीलचे किंवा प्लास्टिकचे हवे. ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका, हे व्हिडिओतही सांगा.

लोखंड म्हणून विळा, खुरपे, वखराची जुनी पास (पाते), साखळीचे तुकडे चालतात. हातमोजे घालूनच हाताळा. व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून कापड ओले करा, लोखंडाभोवती घट्ट गुंडाळा आणि प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवा. मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उघडी गुंडाळी काही तासांत वाळते, आणि कापड वाळले की ठसा तिथेच थांबतो. 24 तासांवर मात्र ठेवू नका. शेवटी 2 लिटर पाण्यात 2 चमचे खायचा सोडा घालून धुवा. आम्ल आणि लोह कापडात राहिले तर सूत कुजते आणि वाकळ नेमकी टाक्यांच्या रेषेत फाटते. पैठणीच्या किंवा हिमरूच्या कात्रणांवर हा प्रयोग करू नये, रेशीम यात लवकर जाते.

रंग खरे दिसणे हा या चित्रीकरणाचा जीव आहे. मोबाइलचे व्हाइट बॅलन्स (रंगाची सेटिंग) आणि एक्स्पोजर (उजेडाची सेटिंग) लॉक करा, नाहीतर हात आत-बाहेर जाताना करडा कधी निळा तर कधी पिवळा दिसतो. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला करडे कार्ड (रंग जुळवायचे ग्रे कार्ड) दहा सेकंद धरा. पांढरे कापड त्या जागी चालत नाही, गिरणीच्या पांढऱ्यात निळसर झाक असते. करणाऱ्याने लाल-पिवळे कपडे घालू नयेत, त्यांची झाक ओल्या कापडावर पडते. विजेच्या दिव्यात शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, दुसऱ्या वेगावर पट्टे हलताना दिसू शकतात.

चित्रीकरण सकाळी 7 ते 10. दुपारी पत्र्याचे छत तडतडते, मोबाइल तापून रेकॉर्डिंग बंद पडते, आणि पंखा लावला तर माइकमध्ये घरघर. वीज जाणारच असे धरून बॅटरीवरचे दिवे भरून ठेवा.

वरून घ्यायचा मोबाइल टेबलापासून दोन-अडीच फुटांवर, स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवून. दृश्य करणाऱ्याच्या बाजूने असावे, म्हणजे पाहणाऱ्याला स्वतःचेच हात वाटतात. धावदोरा काळ्या ठशावर पांढऱ्या दोऱ्याने दाखवा आणि शॉट जवळून घ्या. फ्लाइट मोड चालू, जागा तासाला 8 जीबी मोकळी, आणि प्रत्येक टप्पा वेगळ्या फाइलमध्ये.

सामानाची यादी शिकणाऱ्यांना आठ दिवस आधी पाठवा. त्यात ठळक लिहा: झिंक चढवलेले चकचकीत खिळे आणि स्टेनलेस स्टील चालणार नाही, त्यांचा असा ठसा येत नाही.