गुणांची फाईल उत्तरपत्रिकेसारखी कशी तपासावी

चाचणीच्या गुणांची एक्सेल फाईल हाती आली की बहुतेकजण थेट सरासरी काढायला बसतात. वर्गात कुठलाही शिक्षक असं करत नाही. तो आधी पट बघतो, कोण हजर होतं ते बघतो, मगच पेपरांच्या गठ्ठ्याला हात घालतो. फाईलपुढेही हाच क्रम ठेवा.

पट ३० चा असेल तर ओळी ३० च हव्यात. ३१ निघाल्या तर एखादं मूल दोनदा आलंय, नाहीतर तळाची ‘एकूण’ची ओळ मुलांमध्ये मोजली गेलीय (हे फार वेळा होतं). मूल नावावरून नव्हे, क्रमांकावरून ओळखा. एकाच वर्गात दोन साई पाटील असू शकतात. इथे मात्र जपून. ‘सरल’ या राज्याच्या ऑनलाइन शालेय नोंद प्रणालीतला विद्यार्थी क्रमांक १९ अंकी असतो आणि एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतं. शेवटचे चार शून्य होतात, आणि मुलामुलांतला फरक नेमका तिथेच असतो. म्हणजे एकाच शाळेतली अनेक मुलं एकाच क्रमांकावर येऊन बसतात. क्रमांक भरण्याआधीच तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्या. नंतर करून फायदा नाही, गेलेले अंक परत येत नाहीत. सीएसव्ही फाईलही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाईल) डबल क्लिकने उघडू नका, तिथेही अंक असेच जातात; ‘डेटा’ टॅबमधून आयात करा आणि तिथेच तो रकाना टेक्स्ट म्हणून निवडा.

आता हजेरी. गैरहजर मुलाला शून्य देणं हा वर्गातही अन्याय आणि फाईलमध्येही. २० गुणांच्या चाचणीला ३० पैकी २५ मुलं आली, त्यांची सरासरी १२. उरलेल्या पाच जणांपुढे शून्य भरलं की सरासरी १० वर येते, आणि वर्ग कच्चा असल्याचा अहवाल वर जातो. त्या घरात ‘गै.ह.’ लिहा; सरासरीचं सूत्र अक्षरं सोडून देतं. घर कोरंही ठेवू नका. कोऱ्या घरावरून मूल आलं नाही की गुण भरायचे राहिले, हे कळत नाही.

सर्वांत जास्त वेळ चुकांना द्या. ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहिणारं मूल निष्काळजी नसतं. ते प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा करतंय. हातच्याच्या पुढच्या प्रत्येक गणितात ते असंच चुकणार. डेटाच्या चुकाही अशाच नियमाने येतात. जन्मतारखांच्या रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर संगणकाची मांडणी महिना-आधीची आहे. १३ तारखेपासून पुढच्या तारखा त्याला कळल्या नाहीत, म्हणून त्या मजकूर होऊन डावीकडे राहिल्या. त्या निदान दिसतात तरी. खरा घोळ उजवीकडच्यांत: ५ जुलैचं गुपचूप ७ मे झालेलं असतं. डाव्या तेवढ्या हाताने दुरुस्त केल्या तर निम्मी चूक तशीच राहते. मांडणी बदलून पूर्ण रकाना मूळ फाईलमधून पुन्हा आणा.

‘समजलं का?’ विचारलं की अख्खा वर्ग ‘हो’ म्हणतो. सूत्रही तसंच, काहीतरी उत्तर देतंच. म्हणून ते ३,००० ओळींवर ओढण्याआधी पाच ओळींवर लावा आणि उत्तर कागदावर काढून ताडा. त्या पाचांत एक गैरहजर, एक शून्यवाला आणि एक पैकीच्या पैकी गुणांचा असू द्या.

सरासरीसोबत ०–५, ६–१०, ११–१५, १६–२० अशा गटांत किती मुलं आहेत तेही मोजा. अर्ध्यांना ४ आणि अर्ध्यांना १६ मिळाले तरी सरासरी १० च येते. पण त्या वर्गात १० गुणांचं एकही मूल नाही, आणि मधल्या मुलासाठी आखलेला उजळणीचा तास दोन्ही गटांना निरुपयोगी.

लेखी अभिप्रायांना ‘वाचन अडतं’, ‘गणित अडतं’ असे शिक्के मारायचे असतील, तर आधी नमुना उत्तरं ठरवा, म्हणजे कोणत्या अभिप्रायाला कोणता शिक्का ते. मग तेच ३० अभिप्राय दोघांनी एकमेकांचं न बघता तपासावेत. जिथे मत जुळत नाही तिथे सहसा नियम ढिला असतो. तो लिहून घट्ट करा आणि पुढचे ३० घ्या.

दुरुस्त्या मूळ घरात नकोत. शेजारी ‘सुधारित’ रकाना आणि त्यापुढे कारण, तारीख, आद्याक्षरं. हजेरीपटावर खाडाखोड न करता लाल शाईने आडवी रेघ मारून सही करतात, तसं.